लांबनाकीचा आवाज

गॅरेजला पाटी होती, पण ती वाचून कुणी आत आलं असेल तर शपथ. लोक एकमेकांना एवढंच सांगायचे, "गाडी कानसेनकडे ने." आता गाण्याला दाद देणाऱ्याला आपण कानसेन म्हणतो. ह्या मिस्त्रीने उभ्या जन्मात एक गाणं धड ऐकलं नसेल, पण इंजिन ऐकायचा! गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की हा आत, दुसऱ्याच गाडीखाली आडवा पडलेला, तिथूनच ओरडायचा, "तिसरा प्लग बघा रे तिचा!" आणि बघितलं तर तिसराच प्लग गेलेला. एका गिऱ्हाइकाने एकदा परीक्षा घ्यायची म्हणून सांगितलं, गाडीत काही दोष नाही, फक्त ऑइल बदला. कानसेनने ऑइल बदललं, हात पुसले आणि म्हणाला, "ह्या आठवड्यात लांब जाऊ नका. वॉटर पंप वाटेत सोडून जाईल तुम्हाला." गिऱ्हाईक हसत हसत लांबच गेलं, आणि दोरीने ओढत परत आलं.

तर अशा माणसाचा उजवा कान दगा देऊ लागला, त्याला दोनेक वर्षं झाली होती.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. आधी स्वतःलाच सांगितलं नाही, मग इतरांचं काय घेऊन बसलात! फोन उजव्या कानाला लावला की लाइन खराब असायची. रेडिओवाले पुटपुटायला लागले होते. गिऱ्हाइकं तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलायची. सगळं जगच हळू बोलायला लागलं, असा ह्याचा सिद्धान्त होता. पण मनातून तो ओळखून होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ह्याची मूठ म्हणजे ह्याचा कान. तो गेला हे एकाला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत शंभरांना कळलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी ह्याच्या दारात कोण आलं असतं? ऑइल बदलून द्यायला काय, नाक्यावर चार पोरं होती.

गॅरेजच्या वरच त्याचं घर. पुढच्या खोलीत त्याची बायको पाळणाघर चालवायची. दिवसभर वर पोरं रडायची आणि खाली इंजिनं. बाई मोठी खमकी. भिंतीपलीकडचं रडणं ऐकून ती सांगायची, हे भुकेचं, हे झोपेचं, आणि हे निव्वळ नाटक. लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी दोघांचं दिवसातून एकदा वाजायचंच. अलीकडे तर ह्या बाईला नसती खुळं सुचायला लागली आहेत, असं कानसेनचं मत होतं. जेवायच्या टेबलाशी ती जन्मभर त्याच्या उजवीकडे बसत आलेली, एके दिवशी खुर्ची उचलून डावीकडे गेली. का, तर म्हणे खिडकीचा वारा लागतो. संध्याकाळी फिरायला जातानाही ती बाजू बदलायची. का, तर उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते.

"सूर्य बुडाला की अगं! कसली तिरीप?" कानसेन करवादायचा.

"तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणायची आणि डावीकडूनच चालायची. म्हातारपणी माणसं चक्रम होतात, असं म्हणून त्याने तो विषय सोडून दिला.

एका सकाळी छापखान्याच्या बाई आल्या. गावातल्या लग्नपत्रिकांपासून शाळेच्या प्रश्नपत्रिकांपर्यंत सगळं ह्यांच्या छापखान्यातून निघायचं. सत्तरीला टेकलेल्या, काठीसारख्या ताठ, बोलणं तोलूनमापून. कानसेनने पुढे केलेल्या स्टुलावरची धूळ त्यांनी रुमालाने झटकली आणि बसल्या.

"माझ्या भावाची गाडी आहे. दोन सीटची, शर्यतीची. कागदाच्या गोदामात उभी आहे, तीस वर्षं होतील."

कानसेनच्या हातातला पाना तिथेच थांबला. "लांबनाकी?"

"तुम्हाला आठवते?"

आठवते म्हणजे काय! पुढचं नाक हे एवढं लांब, मागे जेमतेम दोन माणसांपुरती जागा, रंग पिकलेल्या जांभळासारखा. अशा गाड्या मोजक्याच निघाल्या आणि मग तो कारखानाच बंद पडला. कानसेन तेव्हा उस्तादाच्या हाताखाली होता. गाडी गॅरेजवरून जायची तेव्हा उस्ताद हातातलं काम ठेवून उभे राहायचे आणि ती दिसेनाशी झाली तरी हलायचे नाहीत. आवाज संपला की मग खाली बसायचे.

बाईंनी हकिकत सांगितली. घाटातल्या शर्यतींत भाऊ चालवायचा आणि ह्या शेजारी बसायच्या, मांडीवर नकाशा घेऊन. पुढे कुठलं वळण येतंय ते ओरडून सांगायचं, हे ह्यांचं काम. मग भाऊ तापाने गेला. आईला ती गाडी डोळ्यांसमोर नको झाली, म्हणून ढकलत गोदामात नेली आणि भोवती कागदाचे गठ्ठे रचले. आता आईही राहिली नव्हती.

"त्याने मला कधी चालवायला दिली नाही," बाई म्हणाल्या. "म्हणायचा, तू नकाशा वाच, तुला तेच छान जमतं. आता मला ती चालवायची आहे. शोभेला नाही ठेवायची, रोज चालवायची आहे. दोन मोठ्या गॅरेजांत जाऊन आले. ते म्हणतात, आतलं सगळं काढून नवीन बसवू. नवीन बसवलं तर ती लांबनाकी कसली? त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, तिला जोडीचे कार्ब्युरेटर आहेत, ते कानाने जुळवावे लागतात, आणि तसा कान आता एकाचाच उरलाय."

खरं तर कानसेनने तेव्हाच हात जोडायला हवे होते. ओठांवर आलंही होतं त्याच्या. पण कौतुक भल्याभल्यांना आडवं करतं, हा तर साधा मिस्त्री.

"आणा," तो म्हणाला.

गाडी आणायची म्हणजे आधी कागदाचे डोंगर हलवायचे. गोदाम कोरडं होतं, त्यामुळे पत्रा चांगला राहिला होता. पण जिथे कागद तिथे उंदीर. हवेच्या गाळणीच्या डब्यात त्यांनी जुन्या प्रश्नपत्रिका कुरतडून बाळंतिणीची खोली थाटली होती. टायर बसून बसून खालून सपाट झाले होते. ब्रेक असे आवळले होते की चाक हलेना. टाकीतलं पेट्रोल आटून त्याचा लाखेसारखा चिकटा झाला होता आणि वास असा की वरून बायको ओरडली, "पोरं शिंकायला लागली, दारं लावा!"

तीस वर्षं झोपलेल्या इंजिनाला किल्ली फिरवून उठवायचं नसतं. आडदांडपणा केला तर आतले दांडे वाकतात. कानसेनने प्लग काढले, भोकांतून तेल सोडलं आणि वाट बघितली. रोज सकाळी थोडं तेल, मग मोठा पाना लावून जरासं ढकलून बघायचं. हलत नाही? राहू दे. उद्या. असे बरेच उद्या गेले. मग एका सकाळी पाना केसभर सरकला आणि कानसेन एकटाच गॅरेजभर नाचला. टाकीत खडी आणि साखळी घालून ती घुसळली, गंज काढला. रबराच्या नळ्या हात लावताच भुगा होत होत्या, त्या सगळ्या बदलल्या. ब्रेकच्या सिलिंडरांनी तर नाकी नऊ आणले. पण हात चालत होते, डोळे चालत होते. ह्या कामाला कान कुठे लागतो? त्या महिन्यांत कानसेन इतका खुशीत होता की जेवताना बायकोशी भांडायचंही विसरायचा.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी वरची पोरं खिडकीला चिकटली. आता राहिले फक्त कार्ब्युरेटर. हत्ती गेला, शेपूट राहिलं. पण शेपटाकडेच तर खरी मेख होती.

ते जुळवायचे कसे, ते सांगतो. इंजिनाला हवा आणि पेट्रोल पाजणारी ही दोन भांडी, एक पुढे, एक मागे. दोघांनी सारखीच हवा ओढायला हवी. रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला लावायचं. आत सूऽऽ असा आवाज येतो. एकाचा ऐकायचा, मग दुसऱ्याचा ऐकायचा, आणि दोन्ही आवाज एकसारखे होईपर्यंत स्क्रू पिळायचे. संपलं. सांगायला सोपं, पण त्यात जन्म जातो. कानसेनकडची नळी उस्तादाच्या हातची होती. टोक कडक झालं की तेवढं कापायचं, असं करत करत ती आता वीतभर उरली होती. नवी घ्यायची नाही, हा हट्ट. शिवाय लांबनाकीचं बोनेट पुढून बिजागरीला धरलेलं, त्यामुळे डोकं घालायला जागा कमी. पुढच्या कार्ब्युरेटरपाशी वाकलं की उजवा कान जवळ यायचा, मागच्यापाशी डावा. जो कान जवळ तो लावायचा, ही त्याची जन्माची सवय.

ऐकलं, पिळलं, ऐकलं. दोन्ही सारखे. कानसेनने बोनेट लावलं आणि बाईंना निरोप धाडला.

बाई आल्या. त्याने इंजिन सुरू केलं. त्या गाडीच्या शेजारी डोळे मिटून उभ्या राहिल्या, बराच वेळ. मग म्हणाल्या, "हा तिचा आवाज नाही."

कानसेनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, तीस वर्षं झाली. माणूस आवाज विसरतो."

"भावाचा विसरले असेन," त्या शांतपणे म्हणाल्या. "खरंच, तो कसा बोलायचा ते आता आठवत नाही मला. पण हिचा नाही विसरले. ही लंगडत नव्हती."

"मी स्वतः जुळवलंय, ह्या कानांनी!"

"म्हणूनच तुमच्याकडे आणली," बाई म्हणाल्या. "मला घाई नाही. बघा पुन्हा." आणि गेल्या.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला उलट ओरडता येतं. कानसेनने मग सगळी गाडी पुन्हा काढली. पॉइंट बदलले, वायरी बदलल्या, पेट्रोल गाळून घातलं. व्यर्थ. शेवटी प्लग काढून ओळीने मांडले तर पुढच्या दोघांचा रंग वेगळा, मागच्या दोघांचा वेगळा. म्हणजे पुढचा कार्ब्युरेटर आणि मागचा एकमेकांशी बोलत नव्हते. नळी लावली. नळी म्हणे, सारखे आहेत. नळी खोटं बोलत नाही, असं उस्ताद सांगायचे. प्लगही खोटं बोलत नाहीत, असंही उस्तादच सांगायचे. आता ह्यातलं कोण खोटारडं? खोटं कोण बोलतंय ते त्याला आतून ठाऊक होतं, पण ते नाव घेण्यापेक्षा त्याने अजून दहादा नळी लावली असती.

संध्याकाळी पोरांचे आईबाप पोरं घेऊन गेले आणि बायको चहा घेऊन खाली उतरली. इंजिन चालूच होतं. तिने कपबशी गाडीच्या मडगार्डवर ठेवली. बशीतला चमचा किणकिणायला लागला. कानसेन पुढे वाकला, ऐकलं. मागे वाकला, ऐकलं. पुन्हा पुढे. ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"अहो, एक विचारू?" ती त्याच्या डाव्या बाजूला येऊन म्हणाली. "पुढच्याला उजवा कान आणि मागच्याला डावा, असं का?"

"नळी तोकडी आहे. जो कान जवळ, तो."

"आणि तुमचे दोन्ही कान सारखे आहेत का?"

कानसेनने इंजिन बंद केलं. गॅरेजमध्ये एकदम शांतता झाली. "कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे कुणी? दोन वर्षं तुमच्या डावीकडून चालतेय मी. जेवायची खुर्ची काय वाऱ्यासाठी हलवली होती? वारा लागायला मी काय दिवा आहे?"

त्याला आधी राग आला, चांगला सणसणीत. मग लाज वाटली. आणि त्या दोन्हींच्या खालून असं काही वर आलं की त्याला स्टुलावर बसावं लागलं. दोन वर्षं हा तिला चक्रम म्हणत होता आणि ती मुकाट्याने ऐकून घेत होती, पुन्हा डावीकडूनच.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते," ती म्हणाली. "चहा प्या, निवतोय."

चहा पिऊन त्याने कपबशी परत मडगार्डवर ठेवली, उस्तादाची नळी खिळ्याला टांगली आणि फडताळातून नवी, हातभर लांब नळी कापून घेतली. आता दोन्हीकडे डावा कान लावायचा, की झालं काम! लावला. आणि खरंच, पुढचा केवढा तरी मोठ्याने ओढत होता. आंधळ्या कानाने त्याने पुढचा स्क्रू किती उघडला होता, देव जाणे! त्याने तो पिळत पिळत आणला. दोन्ही सारखे. हात मडगार्डवर ठेवला. थरथर कमी झाली होती, पण होती. पुन्हा ऐकलं. सारखे. पुन्हा हात ठेवला. थरथर आहेच.

तेव्हा त्याला कळलं की डावाही आता पूर्वीचा राहिलेला नाही. मोठा फरक त्याला कळत होता, पण शेवटचा तो केसाएवढा फरक, ज्याच्यावर त्याचं सगळं नाव उभं होतं, तो आता ऐकूच येत नव्हता. नळी हातात धरून तो उभा राहिला. चाळीस वर्षांत ह्या माणसाला रडताना बायकोने दोनदा पाहिलं होतं, हे तिसऱ्यांदा.

तिने पदराला हात पुसले, त्याच्या हातातून नळी घेतली आणि स्वतःच्या कानाला लावली. "कुठे धरायची, दाखवा."

त्याने दाखवलं. तिने पुढे ऐकलं, मागे ऐकलं, कपाळाला आठी घातली. "पुढचं पोर जोरात रडतंय. मागचं नुसतं मुसमुसतंय."

"जोरात म्हणजे किती?"

"अहो, किती काय? भुकेलं आहे, पण अजून लाल झालेलं नाही."

त्याने स्क्रू जरा पिळला. "आता?"

"आता मागचं जास्त. इतकं नको. हं, हळू. हळू म्हटलं ना! थांबा." तिने पुढे ऐकलं, मागे ऐकलं, पुन्हा पुढे. "आता जुळी आहेत. कुठलं कुठलं ते आईलाही नाही सांगता यायचं."

त्याने मडगार्डवर हात ठेवला. तळहाताखाली इंजिन चालू आहे एवढंच कळत होतं. बशीतला चमचा हलत नव्हता.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. कानसेनने इंजिन सुरू करायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. "बाई, एक सांगायचं आहे. तुम्ही माझ्या कानासाठी गाडी आणलीत. माझे कान गेलेत. उजवा गेला, डावा चाललाय. परवा तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, चूक माझी होती. आता जुळवलंय ते हिने ऐकून. मी फक्त स्क्रू पिळले." बायको मागून खुणा करत होती, कशाला सांगता, कशाला सांगता! पण तो तिच्याकडे बघतच नव्हता.

"मला गाडी बरी करून हवी होती," बाई म्हणाल्या. "कुणाच्या कानाने, ते तुमचं घरचं. सुरू करा."

त्याने सुरू केलं. बाईंनी डोळे मिटले नाहीत ह्या वेळी. त्या लांब नाकाकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. "हीच," म्हणाल्या. मग दार उघडून चालकाच्या जागेवर बसल्या, स्टिअरिंगच्या चाकावर हात फिरवला आणि शेजारच्या सीटकडे बोट केलं. "चला, मिस्त्री. पहिली फेरी आहे, कुणीतरी बरोबर हवं."

शेजारची सीट एकच होती. कानसेनला त्या सीटवर बसायची हौस तरुणपणापासून होती, उस्तादांच्या मागे उभं राहून गाडी जाताना बघायचा तेव्हापासून. तो सीटकडे बघत राहिला.

"हिला न्या," तो म्हणाला. "वाटेत काही वेगळं वाजलं तर हिला कळेल."

"मी? आणि पोरं कोण बघणार?"

"मी बघतो."

"तुम्ही? रडली तर ऐकू तरी येतील का?"

"रडली तर तोंडं दिसतील ना! जा तू!"

बायको चाळीस वर्षं ह्या गॅरेजच्या डोक्यावर राहिली होती, पण इथल्या कुठल्याही गाडीत कधी बसली नव्हती. पदर खोचून ती त्या खोल सीटमध्ये उतरली आणि एकदम लहान दिसायला लागली. लांबनाकी गल्लीतून निघाली. कानसेन फाटकाशी आला, डावा कान रस्त्याकडे करून. एका पोराला त्याने कडेवर घेतलं होतं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी तो उभाच राहिला, आवाज संपेपर्यंत. तो त्याच्यापुरता लवकर संपला. कडेवरचं पोर मात्र अजून तिकडेच बघत होतं, म्हणून तोही थांबला.

खूप वेळाने गाडी परत आली. आधी पोराने टाळ्या वाजवल्या, मग ती वळणावर दिसली. बायको उतरली. केस सगळे विस्कटलेले, गाल लाल, आणि काय काय सांगायचं ते ओठांवर आलेलं. ती त्याच्या उजव्या बाजूला उतरली होती. तोंड उघडलं, मिटलं, लांबनाकीच्या त्या लांब नाकाला पूर्ण वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला आली, आणि मगच बोलायला लागली.